तीन तारा तुटल्या, दोर बदलायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शॉपमध्ये १० टनांची ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर धावणारी, विजेवर चालणारी), चार फॉलची, म्हणजे हुक दोराच्या चार पदरांवर टांगलेला. दोर पोलादी तारांचा, १६ मि.मी., ६×३६ (सहा पेड, पेडात ३६ तारा), स्टील कोअरचा, म्हणजे आतला गाभाही पोलादाचा. महिन्याच्या मेंटेनन्समध्ये तीन तारा तुटलेल्या दिसल्या. साहेब म्हणाले, २१६ तारांतल्या तीन गेल्या तर कुठे आभाळ कोसळतंय? दोर विकणारा म्हणाला, आजच बदला. आता ऐकायचं कोणाचं, आणि दोर तपासायचा म्हणजे नेमकं बघायचं काय?

तूर्त दोघांचंही ऐकू नका. साहेबांनी तारा मोजल्या, विकणाऱ्याने बिल मोजलं; त्या तीन तारा तुटल्या कुठे, हे कोणीच विचारलेलं दिसत नाही. तीन तारा हातभर लांबीत वेगवेगळ्या पेडांवर विखुरलेल्या असतील तर दोर अजून बरेच दिवस चालेल. त्याच तीन एका पेडात, बोटभर अंतरात, एकमेकींना चिकटून असतील तर क्रेन उभी करा आणि नवा दोर मागवा. आणि तिघींपैकी दोन जरी दोन पेडांच्या मधल्या घळीतून वर आल्या असतील, तर साहेबांना विचारायलाही थांबू नका.

मी गोदीत खलाशी म्हणून लागलो, पुढे कारखान्यांत क्रेन तपासत फिरलो. तेव्हापासून एक सवय लागली आहे. कोणी 'दोर ठीक आहे' म्हणालं की मी विचारतो, कुठला दोर? तुमच्या क्रेनवर एकच अखंड दोर आहे, पण त्याचा प्रत्येक वीतभर तुकडा वेगळं आयुष्य काढतो. हुक ब्लॉकच्या (हुक आणि त्याच्या पुल्या असलेला ठोकळा) वरचा, सगळ्यांना दिसणारा सरळ तुकडा जवळपास काहीच सोसत नाही. आणि बहुतेक ठिकाणी रजिस्टरवर सही होते ती त्याच्याकडे बघून.

बघायला चढण्याआधी आयसोलेटर (क्रेनची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, कुलूप लावा, किल्ली तुमच्या खिशात. खाली उभा असलेला ऑपरेटर 'मी आहे ना' म्हणतो, त्याच्यावर जाऊ नका. दोर तपासताना बोटं पुलीत जातात ती दोर हलवायला लावल्यावर. हलवायचाच असेल तर हात बाजूला, मग हलवा, थांबवा, पुन्हा बंद करा, मग हात. वेळ जातो, जाऊ द्या.

मग साफसफाई. आपल्याकडे दोराला काळं घट्ट ग्रीस थापायची हौस आहे. ग्रीस भरपूर म्हणजे देखभाल उत्तम, असा समज. त्या थराखाली काय आहे ते देवाला ठाऊक. जिथे तपासायचं आहे तिथला थर तारेच्या ब्रशने आणि चिंधीने काढा. दोरावर डिझेल ओतून धुऊ नका. ते आत मुरतं, गाभ्यातलं वंगण बाहेर काढतं आणि दोर आतून कोरडा पडतो. तपासून झाल्यावर वंगण लावायचं तेही आत झिरपेल असं पातळ, दोर पुलीवर वाकतो तिथे, म्हणजे पेड थोडे उघडलेले असताना.

मोटेच्या नाड्यावर माझे आजोबा रोज सकाळी हात फिरवायचे. पोलादी दोरावर तसा हात फिरवायचा नाही. तुटलेल्या तारेचं टोक गव्हाच्या कुसळासारखं वर आलेलं असतं, पण ते कुसळ हातमोजा फोडून आत जातं. थांबलेल्या दोराभोवती कॉटन वेस्टची सैल मूठ धरा आणि हळूहळू सरकवा. जिथे तार उभी आहे तिथे धागे अडकतात. तिथे खडूने खूण करा, पुढे जा. दोन्ही दिशांनी करा, कारण एका बाजूला झुकलेलं कुसळ त्याच दिशेने गेलात तर अडकत नाही.

चिंधीला न सापडणाऱ्या तारा असतातच. तुटलेली तार बऱ्याचदा जागेवरच पडून राहते, दोन टोकांत केसाएवढी फट. दोरावर ताण असताना ती दिसत नाही. म्हणून हुक ब्लॉक जमिनीवर टेकवा, दोर सैल करा आणि संशय असलेला भाग दोन्ही हातांनी थोडा वाकवा. वाकाच्या बाहेरच्या बाजूला फटी उघडतात, आणि मघाशी तीन दिसत होत्या तिथे पाच निघतात.

आता बघायचं कुठे. तुमच्याकडे चार फॉल आहेत, म्हणजे बहुधा दोराची दोन्ही टोकं ड्रमवर (दोर गुंडाळला जातो तो रूळ) आणि मधोमध क्रॅबवर (ड्रम वाहणारी वरची गाडी) एक इक्वलायझर पुली. आधी तिच्याकडे जा.

इक्वलायझर पुली जवळजवळ फिरत नाही. दोन्ही बाजूंचा ताण सारखा करायला ती इकडे-तिकडे जराशी डुलते, एवढंच. म्हणजे दोराचा तोच पंजाभर तुकडा वर्षानुवर्षं तिच्यावर वाकून बसलेला, प्रत्येक उचलीला थोडा घासणारा. धूळ तिथे साचते, शेडचं छप्पर गळत असेल तर पाणी तिथे थांबतं, वंगण मात्र पोचत नाही. एका कारखान्यात (नाव सांगत नाही) मी १५ टनी क्रेनवर चढलो होतो. रजिस्टर देखणं, दर महिन्याची सही, शेरा 'समाधानकारक'. दोरही ग्रीसने चकाकत होता. इक्वलायझरखाली पत्रा होता, वरून पुलीच्या खोबणीत बसलेला दोर फक्त पाठीकडून दिसत होता. हुक ब्लॉक टेकवला, दोर सैल केला, पुलीवरून उचलून वीतभर बाजूला घेतला. पोटाकडच्या बाजूला एकाच पेडाच्या चौदा तारा ओळीने तुटलेल्या, टोकं पुलीला घासून गुळगुळीत झालेली, आणि घळीत गेरूसारखी लाल पूड. सोबतचा फिटर बिचारा बराच वेळ काही बोलला नाही. सह्या त्याच्याच होत्या. त्याने फसवलं नव्हतं. त्याला कोणी दोर उचलून बघायला सांगितलंच नव्हतं.

दुसरी जागा शोधायला थोडं डोकं चालवावं लागतं. तुमच्या शॉपमध्ये जॉब रोज त्याच बेडवरून, त्याच उंचीवरून उचलला जातो ना? मग भार दोरावर येतो त्या क्षणी पुलीवर आणि ड्रमवर दोराचे तेच तेच तुकडे असतात. झटका तेच खातात, ताणाखाली वाकतातही तेच. क्रेन रिकामी असताना हुक नेहमीच्या उचलीच्या उंचीवर आणा, थांबवा, आणि प्रत्येक पुलीला जिथे दोर शिवतो आणि सुटतो तिथे खडूच्या खुणा करा. ड्रमला जिथे पहिला स्पर्श होतो तिथेही. मग दोर हलवून त्या खुणांच्या दोन्ही अंगांना हातभर तपासा. तुमच्या तीन तारा याच पट्ट्यात असतील तर मला नवल वाटणार नाही.

तिसरी जागा ड्रमवरची दोराची टोकं, क्लॅम्पच्या पाट्यांखाली. हुक पूर्ण खाली असताना ड्रमवर निदान दोन वेढे शिल्लक राहायला हवेत. पाटी ढिली नाही ना, दोर पाटीखालून सरकल्याची चमकदार खूण नाही ना, हे बघा. टोकापाशी तुटलेल्या तारांचा हिशेब वेगळा आहे: तिथे दोन तारा तुटल्या की तो भाग बाद. बाकी दोर चांगला असेल आणि लांबी पुरत असेल तर तेवढा तुकडा कापून टोक नव्याने बांधता येतं, नाहीतर दोर बदला.

टोकांचा हा बाऊ मी उगाच करत नाही. लिस्बनमधली ग्लोरिया नावाची चढावरची दोराची रेल्वे १८८५ पासून चालू होती. दोन डबे, एकाच दोराने एकमेकांना जोडलेले. एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो. ३ सप्टेंबर २०२५ ला तो दोर एका डब्याला जिथे जोडला होता तिथेच सुटला आणि १६ माणसं गेली. त्याच सकाळी तपासणी झाली होती आणि त्यात काही आढळलं नव्हतं. आढळणार कसं? दोर जिथे सुटला ती जागा खोलल्याशिवाय दिसतच नव्हती. पुढे तपासात असंही निघालं की बसवलेला दोर प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणित नव्हता. त्या सकाळी बघणाऱ्याचे डोळे कितीही चांगले असते तरी उपयोग नव्हता. तुमच्या क्रेनवर अशी कुठली जागा आहे, जी खोलल्याशिवाय दिसत नाही? तिची यादी करून वर्षाच्या शटडाऊनमध्ये ती खोलायची, हे आजच ठरवा.

आता मोजणी. क्रेनच्या दोरांसाठी आयएसओ ४३०९ हे मानक धरतात. तुमच्या दोराला सहा पेड, पेडात ३६ तारा, म्हणून २१६. गाभ्याच्या तारा यात नाहीत. मोजायचं दोन लांबींत: दोराच्या व्यासाच्या सहापट आणि तीसपट. १६ मि.मी.ला सहापट म्हणजे ९६ मि.मी., साधारण अंगठ्यासकट पंजाची रुंदी. तीसपट म्हणजे ४८० मि.मी., जवळपास आपला जुना अठरा इंची हात. क्रेनचा वर्ग (ती किती जड आणि किती वेळ काम करते त्यावरून ठरलेला) एम१ ते एम४ असेल किंवा माहीतच नसेल, तर पंजाभरात ९ किंवा हातभरात १८ तारा तुटल्या की दोर बाद. एम५ आणि त्यापुढच्या वर्गांना हे आकडे दुप्पट चालतात. मी स्वतः ती सवलत घेत नाही, कारण क्रेनच्या पाटीवर लिहिलेला वर्ग आणि तीन पाळ्यांत ती प्रत्यक्ष करत असलेलं काम यांचा मेळ मी क्वचितच पाहिला आहे.

हे आकडे ऑर्डिनरी ले दोराचे, म्हणजे ज्यात पेडांचा पीळ एकीकडे आणि पेडातल्या तारांचा पीळ उलट. ओळखायला सोपं: वरच्या तारा दोराच्या लांबीला समांतर गेल्यासारख्या दिसतात. लँग्ज ले मध्ये दोन्ही पीळ एकाच दिशेला, म्हणून तारा तिरक्या दिसतात. तिथे हेच आकडे ४ आणि ९ होतात. शिवाय हे सगळे आकडे तारा विखरून तुटल्या असतील तेव्हाचे. एक-दोन पेडांत घोळका झाला असेल तर नऊची वाट बघायची नाही.

घळीतल्या तारांबद्दल मी सुरुवातीला एवढं का ताणलं? पेडाच्या माथ्यावर तार तुटते ती पुलीला घासून, पुन्हा पुन्हा वाकून. तो दोराचा म्हातारपणाचा रस्ता आहे, ठरलेला. घळीत तार तुटते ती पेडावर पेड दाबला जाऊन, आणि हा दाब वाढतो तो आतला गाभा बसला किंवा पुलीची खोबण दोराला आवळायला लागली म्हणजे. घळीत एक दिसली तर आत न दिसणाऱ्या किती, ते सांगता येत नाही. म्हणून पंजाभर लांबीत घळीच्या दोन तारा म्हणजे दोर बाद.

तुटलेलं टोक भिंगाखाली धरा, खिशातलं दहापटीचं साधं भिंग पुरतं. टोक सपाट, जणू छिन्नीने छाटलं, बाजूला फारशी झीज नाही, तर तार वाकून वाकून थकली. टोक निमुळतं, मान बारीक झालेली, तर तार ताणून तुटली. मग दोर राहू द्या बाजूला, आधी १० टनांच्या क्रेनवर गेल्या महिन्यात कोणी काय उचललं ते शोधा (उत्तर बहुधा रात्रपाळीत सापडतं). टोकाआधी तार पात्यासारखी पातळ झालेली, तर घासणं. अंगावर बारीक खड्डे, तर गंज. तारांचा नुसता आकडा लिहिण्यापेक्षा त्यासमोर हा एक शब्द लिहिलात तर सहा महिन्यांनी पुली बदलायची की ऑपरेटरला समजावायचं, हे त्यावरून कळतं.

वर आलेलं कुसळ निप्परने छाटू नका. उरलेला खुंट शेजारच्या तारांना कोरतो. पक्कडीने टोक धरून मागे-पुढे, मागे-पुढे वाकवा, तार घळीपाशी आतून तुटून येते. पण वहीत ती तुटलेली म्हणून धरायची. काढली म्हणून हिशेबातून गेली, असं होत नाही. हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतोय.

व्यास व्हर्निअरने घ्या, आणि समोरासमोरच्या दोन पेडांच्या माथ्यांवर. जबडे रुंद असलेला व्हर्निअर मिळाला तर उत्तम. माथ्याऐवजी घळीवर पकडलात तर आकडा खोटाच कमी येतो. एकाच जागी काटकोनात दोनदा मोजा. दोन्हींत फरक असेल तर दोर चपटा होतोय. तुलना '१६' या आकड्याशी करू नका. नवा १६ चा दोर सहसा थोडा जाड येतो. समजा चढवल्यावर तुमच्या फिटरने १६.४ लिहून ठेवला होता. तर उतार मोजायचा १६.४ पासून. स्टील कोअरच्या दोराला नाममात्र व्यासाच्या साडेसात टक्के उतार ही हद्द, म्हणजे १.२ मि.मी.; १५.२ ला दोर संपला. फायबर कोअर असता तर १० टक्के, आणि टॉवर क्रेनवर असतात तसे न फिरणारे दोर असते तर फक्त ५ टक्के. त्या न फिरणाऱ्या दोरांत तारा आतल्या थरात आधी तुटतात, बाहेरून दिसत नाहीत. ते काम स्वतंत्र आहे, ईओटीच्या सवयीने ते दोर तपासू नका.

चढवतानाचं माप लिहिलेलं नसेल (बहुधा नसतंच) तर ड्रमवरच्या न हलणाऱ्या वेढ्यांवर मोजा, तो भाग पुलीवर कधी वाकलेला नसतो. सगळीकडे सारखा उतार ही झीज. एकाच जागी दोर एकदम बारीक, किंवा एक पेड शेजाऱ्यांपेक्षा खाली बसलेला, हे गाभा तुटल्याचं लक्षण. तिथे टक्केवारी काढत बसायचं नाही. उलट एकाच जागी दोर फुगला असेल तर तेही वाईट. आत गंज फुगतोय किंवा गाभा बाहेर यायला निघालाय.

कागदावर एकेक गोष्ट हद्दीच्या आत असते आणि दोर तरीही संपलेला असतो. समजा पंजाभरात पाच तारा तुटल्या आहेत. नवांतल्या पाच, म्हणजे आयुष्य निम्म्याहून जास्त खर्च, धरा ५५ टक्के. त्याच जागी व्यास १५.५५, उतार ५.३ टक्के, मानकाच्या कोष्टकात तो ४० टक्के खराबी म्हणून धरतात. बेरीज ९५. तिथेच जरासा गंज असेल तर मी तो दोर उतरवतो. पाच तारा आहेत, नऊ व्हायच्यात, असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे उत्तर एवढंच: त्याच जागेची बेरीज करा. वेगवेगळ्या जागांची मात्र करू नका.

घळीतल्या गेरूच्या पुडीबद्दल. ती बाहेरून पडलेली धूळ समजून पुसू नका. तारा एकमेकींवर कोरड्या घासल्या की बारीक लोखंड निघतं आणि लाल पडतं. म्हणजे आत वंगण संपलंय. उरण, न्हावाशेवा भागात, किंवा कोकणात कुठेही समुद्राच्या वाऱ्यावर असलेल्या क्रेनला पावसाळ्यानंतर मी हेच आधी बघतो. वरचा गंज पुसला जातो आणि खाली तार गुळगुळीत निघते, तो चालतो. नखाला खड्डे लागले तर नाही चालत, कारण थकव्याची चीर त्या खड्ड्यातूनच सुरू होते.

उष्णतेचं बोलायलाच हवं, कारण चाकणला फोर्जिंग आणि हीट ट्रीटमेंटची शॉप्स पुष्कळ. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. पोलादी दोराचं अगदी तसंच आहे, आणि तिथेच घात होतो. भट्टीच्या झळीने किंवा वेल्डिंगच्या करंटने तापलेला दोर दिसायला जसाच्या तसा, पीळ जागच्या जागी. पण या तारांची ताकद थंड अवस्थेत ओढून आलेली असते. तापल्या की ती जाते, आणि ठिणगी लागलेल्या जागी काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. तारांवर निळसर-जांभळी झाक किंवा वितळल्याचा थेंब दिसला की मोजणी थांबवा. दोर उतरवा. आणि वेल्डर अर्थिंग कुठून घेतो ते पाहा. हुकवर टांगलेल्या जॉबला वेल्डिंग करून करंट दोरातून परत पाठवणारे महाभाग मी एकापेक्षा जास्त पाहिलेत.

आकाराच्या बिघाडांवर फार बोलण्यासारखं नाही. पेड फुलून पिंजरा झाला, गाभा बाहेर आला, आटा (फास आवळून बसलेला मुडपा) पडला, तर दोर बाद. आटा हातोडीने सरळ केलेला असेल तरी बाद. तारा तिथे एकदा मुडपल्या आहेत. दोर नागमोडी दिसत असेल तर सरळ पट्टी लावा: पुलीवरून जाणाऱ्या भागात फट व्यासाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे १.६ मि.मी. झाली की संपलं.

दोराइतकीच पुली बघा. नाहीतर नवा दोर जुन्याच रोगाने मरतो. खोबणीत बोट फिरवा (पुन्हा सांगतो, किल्ली खिशात). तळाशी दोराच्या पिळाची नक्षी उमटली असेल तर ती पुली नव्या दोराला कानशीसारखी घासणार. खोबणीची त्रिज्या दोराच्या व्यासाच्या ०.५२५ ते ०.५५ पट हवी; १६ साठी ८.४ ते ८.८ मि.मी. गेजचा सेट महाग नाही. गेज नसेल तर टर्नरकडून १६.८ मि.मी. व्यासाची गोल चकती करून घ्या आणि खोबणीत बसवून मागून टॉर्च धरा. तळाशी उजेड दिसला तर खोबण अरुंद होऊन दोराला आवळतेय. बाजूंनी जास्त दिसला तर रुंद होऊन दोर चपटा होतोय. पुली हाताने मोकळी फिरते का, बेअरिंग आवाज करतंय का, तेही त्याच वेळी.

स्लिंगांचं, म्हणजे जॉब हुकला अडकवायच्या दोरांचं, थोडक्यात. वायर रोप स्लिंगला यू क्लॅम्प लावून डोळा करू नका, दाबलेली फेरूल (धातूची नळी) किंवा हाताने विणलेला डोळाच हवा. विंच वगैरेला यू क्लॅम्प लावायची वेळ आलीच, तर खोगीर (क्लॅम्पचा खाचांचा ठोकळा) भार घेणाऱ्या दोरावर आणि यू चा वाक मेलेल्या, म्हणजे भार न घेणाऱ्या टोकावर. १६ मि.मी.ला निदान तीन, अंतर साधारण ९५ ते १०० मि.मी., आणि पहिला भार घेतल्यावर नट पुन्हा आवळायचे, कारण भाराखाली दोर बारीक होतो. उलट-सुलट लावलेले क्लॅम्प दिसायला सुंदर दिसतात, म्हणून लोक लावतात. यू जिथे भारवाही दोरावर बसतो तिथे तो दोर चिरडतो.

किती वेळाने तपासायचं? कारखाना कायदा, १९४८ च्या कलम २९ ने वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी घालून दिली होती, आणि अजूनही लोक तेवढंच लक्षात ठेवतात. गोदीचा नियम मला जास्त शहाणा वाटत आला: दोर तीन महिन्यांतून एकदा बघायचा, पण त्यात एक तार तुटली की पुढे दर महिन्याला. तारा तुटण्याचा वेग सारखा नसतो. पहिली तुटायला वर्ष लागतं, पुढच्या दोन दोन महिन्यांत जातात, मग आठवड्याला एक. तुमच्या तीन तारांची पहिली तारीख वहीत आहे का? नसेल तर आजची लिहा, खडूच्या जागी ऑइल पेंटची खूण करा, आणि महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा मोजा. तीनच राहिल्या तर साहेबांचं काही दिवस खरं. सहा झाल्या तर विकणाऱ्याचं.

खाणीत आणि रोपवेवर दोर चुंबकीय यंत्राने आतून तपासतात. तुमच्या १६ मि.मी.च्या दोराला त्या यंत्राच्या एका फेरीचा खर्च नव्या दोराच्या जवळपास जाईल. त्या भानगडीत पडू नका. संशय राहिला तर दोर बदला. १० टन चार फॉलवर म्हणजे हुक ब्लॉकच्या वजनासकट एका फॉलवर अडीच टनांहून थोडं जास्त, आणि १७७० ग्रेडचा (ग्रेड म्हणजे तारेच्या ताकदीचा दर्जा) नवा १६ चा दोर तुटायला १६१ किलोन्यूटन, म्हणजे सोळा टनांच्या वर लागतात. साहेब ज्या बळावर निश्चिंत आहेत ते हेच सहापट. पण ती सहापट नव्या दोराची, सरळ ताणलेल्या. पुलीवर वाकलेल्या, इक्वलायझरवर सडलेल्या तुकड्याची नाही.

बदललात तर शेवटचं एक काम आहे, ते दुसऱ्या कोणावर सोपवू नका. उतरवलेला दोर भंगारात अखंड टाकू नका. महिन्याभरात कोणीतरी त्याच्या चांगल्या दिसणाऱ्या तुकड्याची स्लिंग करून डाय उचलताना दिसेल. ग्राइंडरने त्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे करा. कापताना इक्वलायझरवरचा आणि उचलीच्या जागेचा तुकडा वेगळा काढा, पेड उलगडा आणि गाभा बघा. बाहेरून जेवढं मोजलं होतं त्याच्याशी आतलं जुळतं का ते वहीत लिहा. आणि त्या इक्वलायझरच्या तुकड्याचा, पोटाकडच्या बाजूचा, फोटो मला पाठवा.